साडेचारशेचा हट्ट

कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि या उद्योगाचे वैशिष्ट्य असे की, वाढवलेला वेग मुख्यतः तो टिकतो की नाही हे तपासण्यातच खर्ची पडतो. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे त्याचे सर्वांत लाडके उदाहरण होय. मदरबोर्डवरील बसचा, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा, ठोका ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, असा त्याचा हिशेब असे. गुणक कारखान्यातच पक्का केलेला असला तरी बस १०० वर नेता येई, ३०० चे ४५० होत, आणि ही दीडपट फुकट पदरात पडल्याच्या आनंदात हौशी गृहस्थ दोन मोठे पंखे विकत आणत.

अस्थिरतेचे कारण साधे आहे. ठोके जवळ आले की ट्रान्झिस्टरचे उत्तर तयार होण्यापूर्वीच पुढचा ठोका पडतो. व्होल्टेज वाढवल्यास उत्तर लवकर तयार होते, परंतु वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दीडपट वेगासाठी २ चे २.२ व्होल्ट केले की उष्णता सुमारे १.८ पट होते, आणि या उष्णतेने ट्रान्झिस्टर पुन्हा मंदावतो.

स्थैर्याचा दाखला देण्याचे काम प्राइम९५ या प्रोग्रामकडे असते. मर्सेन या सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी तो जन्मला. त्याच्या चाचणीत मात्र उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते रात्रभर सोडवली जातात, आणि पहाटे एक उत्तर चुकले की, जेमतेम पत्रे टाइप करणारा तो संगणक अंकगणितास अपात्र ठरतो. एका वेळी एकच बदल करावा, हा दोषशोधनाचा नियम सर्वांना पाठ असतो. तथापि व्होल्टेज वाढवून, रॅमची जागा बदलून आणि कॅबिनेट उघडे टाकून त्यावर टेबलफॅन सोडल्यानंतर यंत्र चालले, तर श्रेय कोणाचे, हे कोणत्याही शास्त्रास सांगता येत नाही.

१०० झेपेना म्हणून ८३ वर उतरणाऱ्याची अवस्था अधिकच बिकट होई. विस्तारकार्डांच्या पीसीआय मार्गाला ३३ मेगाहर्ट्झ अपेक्षित असत, आणि ते ६६ चा निम्मा किंवा १०० चा तिसरा हिस्सा घेऊन मिळत. ८३ ला निम्म्याचाच नियम लागून ४१.५ होत, आणि हार्डडिस्कवरील मजकूर बिघडण्याची वेळ येई, म्हणजे हावरटपणा खपून जाई व समंजसपणास शिक्षा होई.

वस्तुतः बस मूळ ६६ वर आणून पाहणे ही दोषशोधनाची पहिली पायरी होय, कारण तेथेही यंत्र अडखळले तर दोष एखाद्या भागात आणि सुरळीत चालले तर दोष वाढवलेल्या वेगात, हे बहुधा लगेच कळते. परंतु ही चाचणी सर्वांत शेवटी केली जाते, कारण तिचे उत्तर गृहस्थांना आधीपासूनच ठाऊक असते.