मग घेतला कोणी?

ग्रीसमध्ये लख्ख ऊन पडलेलं असताना एखाद्या गाडीचे वायपर चालू दिसले, तर आत भारतीय माणूस आहे असं खुशाल समजावं. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, आणि ज्या हाताला इंडिकेटरची दांडी सापडायची सवय, त्या हाताला वायपरची दांडी सापडते. अथेन्सच्या बाहेर पडेपर्यंत आमचे साडू प्रत्येक वळणावर काच पुसत होते. आम्ही कुठे वळणार हे मागच्यांना कळत नव्हतं. पण काच अशी स्वच्छ, की मागच्यांनी आम्हाला उद्देशून केलेले हातवारे मात्र आरशात नीट दिसायचे.

गाडीत साडू, मी, आमच्या बायका म्हणजे दोघी बहिणी, आणि त्या दोघींची मावशी. मावशींची पंचाहत्तरी उलटली आहे. गुडघे गेले, प्रश्न विचारायची सवय शाबूत आहे. साडूंना त्या ‘थोरले’ म्हणतात आणि मला ‘धाकटे’. बेत पेलोपोनीसचा, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या त्या पंजासारख्या द्वीपकल्पाचा. साडूंनी किल्ल्यांची यादी छापून आणली होती आणि प्रत्येक किल्ल्यापुढे एकच विशेषण होतं : अभेद्य.

ग्रीक महामार्गाशी साडूंचं लगेच जमलं. रस्ता दोन पदरी आहे असं नकाशात म्हटलेलं असतं. पण मागून कोणी घाईत आला, की पुढचा निमूटपणे अर्धी गाडी कडेच्या पट्ट्यावर घेतो आणि बघता बघता रस्ता तीन पदरी होतो. “हे लोक समजूतदार आहेत,” साडू म्हणाले. रस्त्याच्या कडेला खांबावर उभी केलेली, हातभर उंचीची चर्चं दिसत होती, आत तेलाचा दिवा आणि संतांचं चित्र. मावशी प्रत्येकाला हात जोडत होत्या. ही चर्चं बहुधा अपघात झाला असेल तिथे बांधतात, कुणी गेलं म्हणून किंवा कुणी वाचलं म्हणून, हे हिने सांगितल्यावर त्यांनी हात जोडलेले तसेच ठेवले आणि नजर स्पीडोमीटरवर नेली.

कोरिंथचा कालवा वाटेत लागतो. 1893 मध्ये तो खुला झाला. सहा किलोमीटरहून थोडा लांब, आणि इतका अरुंद की आजची मोठी जहाजं त्यात शिरतच नाहीत. दोन्ही टोकांचे पूल जहाज आलं की वर उचलत नाहीत, पाण्याखाली बुडवतात. जहाज वरून निघून जातं आणि पूल पुन्हा वर येतो. आपल्याकडे पूल एकदा बुडाला की पुढचं काम चौकशी समितीचं.

यादीतला पहिला किल्ला अक्रोकोरिंथ. समुद्रसपाटीपासून 575 मीटर उंच सुळका, एकामागे एक तीन दरवाजे, मैलोगणती तटबंदी. ज्याला दगड डोंगरावर ढकलत राहायची शिक्षा झाली तो सिसिफस इथलाच राजा. चढ बघितला की शिक्षेची कल्पना कुणाला कुठे सुचली ते लक्षात येतं. पहिल्या दरवाजाशी धापा टाकत साडूंनी जाहीर केलं, “हा किल्ला अभेद्य होता.”

मावशी दगडावर टेकत म्हणाल्या, “मग घेतला कोणी?”

साडूंनी कागद काढला. फ्रँकांनी घेतला, काही वर्षं वेढा घालून. तेव्हाचा किल्लेदार स्गुरोस घोड्यासकट कड्यावरून उडी टाकून मेला असं सांगतात. मग बायझंटाइनांनी घेतला. 1458 मध्ये तुर्कांनी. 1687 मध्ये व्हेनिसवाल्यांनी. 1715 मध्ये परत तुर्कांनी.

“बरीच वर्दळ होती म्हणायची,” मावशी म्हणाल्या.

मिकीनीला सगळ्या बस येतात. सिंहद्वारावरच्या दोन सिंहांची मुंडकी गेलेली आहेत, त्यामुळे फोटोत त्यांच्याऐवजी आपलं डोकं यावं अशी माणसांची धडपड चाललेली असते. कुणी दगडाला हात लावला की कुठूनतरी शिट्टी वाजते. ग्रीक अवशेषांवरच्या रखवालदारांकडे शिट्टी असते आणि ती ते मन लावून वाजवतात. 1876 मध्ये श्लीमान नावाच्या संशोधकाने इथल्या कबरी खणल्या, तेव्हा सोन्याचा मुखवटा सापडला आणि तो त्याने अगामेम्नॉनचा ठरवून टाकला. मुखवटा ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा तीनेकशे वर्षांनी जुना निघाला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. साडू त्या राजाची गोष्ट सांगू लागले. वारा पडला म्हणून पोटच्या मुलीचा बळी देऊन युद्धाला गेला, दहा वर्षांनी परत आला तो दुसरीला रथात घेऊन. बायकोने स्वागत केलं, न्हाणीघरात नेलं आणि तिथेच संपवला.

“बरं केलंन्,” मावशी म्हणाल्या. दोघी बहिणींनी माना डोलावल्या. त्या रात्री आम्ही दोघे साडू आंघोळीची घाई न करता बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो.

एपिदाव्रोसचं नाट्यगृह इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. 55 रांगा, चौदा हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं. मधल्या वर्तुळात जो तो उभा राहतो आणि काहीतरी करतो : टाळी वाजवतो, नाणं टाकतो, कागद फाडतो. साडूंनी नांदीला तोंड फोडलं, शिट्टी वाजली, नांदी आटोपली. मावशी जिद्दीने वर चढत गेल्या होत्या आणि बऱ्याच वरच्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. साडू माझ्या कानाशी लागून म्हणाले, “आता अर्धा तास शांतता.” 2017 मध्ये आइंडहोवनच्या डच संशोधकांनी इथे मोजमाप केलं, नाण्याचा आवाज वरपर्यंत जातो, पण तो नाण्याचा आहे हे अर्ध्या रांगांपर्यंतच ओळखू येतं, आणि कुजबूज तर पुढच्यांनाच समजते, असा त्यांचा निष्कर्ष. त्या संशोधकांची मावशींशी गाठ पडली नव्हती. खाली आल्यावर मावशींनी फक्त विचारलं, “झाली का थोरले तुमची शांतता?”

नाफ्प्लिओत पोचलो तो नेमकी एकादशी.

बंदरावरच्या एका खाणावळीत हिने मालकाला समजावलं, की आमच्या मावशींचा उपवास आहे. आम्हाला वाटलं होतं, हे प्रकरण ग्रीक माणसाला कळायला तासभर लागेल. मालकाचा चेहरा उजळला. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस कसला ना कसला उपास असतो. मांस नाही, अंडं नाही, दूध-चीज नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. “माझ्या आईचाही असतो,” म्हणत त्याने छातीवर हात ठेवला आणि तो आत गेला. मावशी खूश. “बघा, धर्म कुठेही गेलं तरी एकच.”

पाच मिनिटांनी त्याने मावशींपुढे अदबीने एक थाळी ठेवली. कोळशावर भाजलेला, लिंबू पिळलेला, कडेने नीट वाटोळे वळलेले पाय असलेला ऑक्टोपस.

कुणी काही बोललं नाही. मावशींनी चष्मा लावला. ऑक्टोपसचे सगळे पाय एकदा मोजले. मालक हसतमुखाने उभा होता. माशात रक्त असतं म्हणून तो चालत नाही, पण ऑक्टोपस, माकूळ, कोळंबी यांच्यात तसलं रक्त नाही, म्हणून उपासाला चालतात, असा त्यांचा शास्त्रार्थ. हिने खुणेने नाही म्हणून मान आडवी हलवली. मालकानेही मान हलवली, पण वरच्या बाजूला झटका देत आणि ‘त्च्’ करत. तिकडे नकार तसा देतात. दोघं बराच वेळ एकमेकांना नकार देत उभी राहिली. शेवटी मावशींनीच समेट केला. “त्याला म्हणावं, तुमच्या शास्त्रात बसतंय, आमच्यात नाही. बटाटा आण.”

बटाटा आला, तळलेला, वर ओरेगॅनो भुरभुरलेला. ओरेगॅनो उपवासाला चालतो का, यावर दोघी बहिणींचं एकमत होईना. मावशींनी फुंकर घालून तो उडवला आणि खायला सुरुवात केली.

बटाट्यावरून आठवलं. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कपोदिस्त्रियास याने, नाफ्प्लिओ देशाची राजधानी होती त्या दिवसांत, भुकेल्या लोकांसाठी बटाटा मागवला. लोक फुकटसुद्धा नेईनात. तेव्हा त्याने म्हणे ढिगाभोवती पहारा बसवला, आणि पहारेकऱ्यांना चोरीकडे काणाडोळा करायला सांगितलं. एवढा जपतात म्हणजे माल मोलाचा असणार, असं समजून लोकांनी रातोरात ढीग पळवला. याच कपोदिस्त्रियासला 1831 मध्ये संत स्पिरिडॉनच्या चर्चच्या दारात मारलं; भिंतीतली गोळीची खूण काचेखाली जपून ठेवली आहे. मावशींनी तिथे उभं राहून नमस्कार केला. एकादशीला ज्याच्यामुळे पोटाला मिळालं, त्याच्या पुढ्यातून त्या तशाच पुढे जाणं शक्यच नव्हतं.

गावाच्या डोक्यावर पालामिडी. पायऱ्या 999 असं सगळे सांगतात, मोजणाऱ्यांपैकी प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, आणि कुणाचाच 999 भरत नाही. आम्ही दोघे जवळजवळ रांगत वर पोचलो तेव्हा मावशी बाकावर संत्र्याचा रस पीत बसल्या होत्या. मागून गाडीरस्ता आहे, टॅक्सी थेट दरवाजाशी सोडते.

“हा मात्र खरोखर अभेद्य,” साडू म्हणाले. “व्हेनिसवाल्यांनी 1711 ते 1714, एवढ्यात बांधून काढला.”

“मग घेतला कोणी?”

1715 मध्ये तुर्कांनी. किल्ल्याच्या चुन्याचा वाससुद्धा गेला नसेल. त्यांच्याकडून 1822 मध्ये ग्रीकांनी घेतला. आणि ज्या कोलोकोत्रोनिसला स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती म्हणून ग्रीक डोक्यावर घेतात, त्याला पुढे स्वतंत्र ग्रीसच्याच सरकारने याच किल्ल्यात डांबलं. खाली समुद्रात बुर्त्झी नावाचा पिटुकला जलदुर्ग दिसतो. पालामिडीच्या कैद्यांना मारणारे जल्लाद गावात कुणाला नको असत, म्हणून त्यांना तिथे ठेवायचे. नंतर तिथे हॉटेल निघालं. “म्हणजे जल्लादाच्या खोलीत झोपायचं, वर पैसेही आपणच द्यायचे,” मावशी म्हणाल्या.

स्पार्टाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आजचं गाव 1834 मध्ये आखलेलं आहे, आणि जुन्याचे चार दगड ऑलिव्हच्या झाडांत आहेत. हे शहर ओस पडलं तर याच्या कीर्तीवर पुढच्यांचा विश्वास बसणार नाही, असं प्राचीन इतिहासकार थ्यूसिडिडीसने लिहून ठेवलंच होतं. जवळचं मिस्त्रास मात्र दिवस खाऊन टाकतं. अख्खं ओसाड शहर डोंगरउतारावर, आणि त्यात फक्त पांतानासाच्या मठात मोजक्या नन्स राहतात, बाकी सगळी शांतता. शेवटचा बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन याची 1449 मध्ये इथेच सम्राट म्हणून घोषणा झाली. चार वर्षांनी कॉन्स्टँटिनोपल गेलं, त्यात तोही गेला. साडू अर्ध्या चड्डीत होते, म्हणून मठाच्या दारात त्यांना फुलाफुलांचा घागरा नेसायला दिला. त्या घागऱ्यात उभं राहून ‘अभेद्य’ म्हणायला त्यांचाही धीर झाला नाही.

मोनेमव्हासियाला समुद्रातल्या खडकामागे अख्खं गाव लपलेलं आहे. आत गाडी जात नाही आणि मांजरांची काही कमी नाही. तेराव्या शतकात फ्रँकांनी तीन वर्षं वेढा घातला तेव्हा आतल्यांनी उंदीर आणि मांजरं खाऊन दिवस काढले, असं बखरीत आहे. आजची मांजरं प्रत्येक टेबलाखाली बसून त्याची भरपाई वसूल करतात. तटावर पर्यटकांनी नावं खरवडलेली बघून साडू चिडले. यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या ग्रीकांनी, आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही खांबांवर नावं कोरली, पण खांबाचं दान देऊन.

मानीत शिरल्यावर झाडं संपतात आणि दगड सुरू होतात. एका गावात नकाशाच्या बाईने आम्हाला अशा बोळात घातलं, की दोन्ही आरसे मिटले तरी गाडी पुढे सरकेना. कॉफीच्या दुकानातली सगळी म्हातारी मंडळी जपमाळा घेऊन उठली आणि एकाच वेळी डावीकडे, उजवीकडे आणि मागे असे हात दाखवू लागली. मी म्हटलं, दादा, मी बघू का? साडूंनी किल्ली मुठीत आवळली. पेलोपोनीसमध्ये मला एवढी एकच गोष्ट खरोखर अभेद्य आढळली. काळे कपडे घातलेली एक आजी बाहेर आली आणि भिंतीलगतचे डबे एकेक करून उचलू लागली. ऑलिव्ह तेलाचे चुन्याने रंगवलेले डबे, आत बारीक पानांची झुडपं. मावशींनी काच खाली करून वास घेतला. “अगं बाई, तुळस!” त्यांच्या चर्चमध्ये तीर्थ शिंपडतात ते याच पानांच्या जुडीने. मावशी उतरल्या, आजींच्या बरोबरीने डबे हलवले, आणि दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी खुणांनी केली. गाडी सुटली.

वाथियाला पोचलो. उंच दगडी बुरूजघरं एकमेकांना खेटून, बहुतेक ओस. साडूंनी कागद उघडला आणि जरा वेळ गप्प राहिले.

“मग घेतला कोणी?” मावशींनी सवयीने विचारलं.

“कोणीच नाही. तुर्कांना मानी कधी धड ताब्यात घेता आलं नाही.”

“मग एवढे बुरूज कशाला?”

शेजाऱ्यांसाठी. एका घराण्याचा बुरूज दुसऱ्यापेक्षा उंच झाला, की वरून त्याच्या छपरावर दगड टाकता यायचे. ही वैरं पिढ्यानपिढ्या चालत. सुगीच्या दिवसांत तह करून सगळे शेतात जायचे, सुगी संपली की पुन्हा बुरुजावर. मुलगा झाला तर घरात बंदूक आली म्हणायचे. मावशींनी त्या बुरुजांकडे मान वर करून पाहिलं आणि आमच्या कोकणातल्या घराच्या बांधावरून कोर्टात चाललेल्या दाव्याची तारीख कधी आहे, ते हिला विचारलं.

ऑलिम्पियाला शेवटी गेलो. जुनं धावमैदान 192 मीटर आहे, दगडी आरंभरेषा अजून जागेवर आहे, आणि तिच्यावर पाय ठेवला की भल्याभल्यांना पळावंसं वाटतं. साडू पळाले. निम्म्यावर बसले. तिथेच गवतात त्यांनी आम्हाला नीरोची गोष्ट सांगितली. इसवी सन 67 मध्ये तो दहा घोड्यांचा रथ घेऊन शर्यतीत उतरला, रथातून पडला, शर्यत पुरी केलीच नाही, तरी पंचांनी त्यालाच विजयी ठरवलं. पंचांना बक्षीस मिळालं. पुढच्या सम्राटाने ते पैसे परत मागितले.

“मग आपले थोरलेही जिंकले,” मावशींनी निकाल दिला.

मी म्हटलं, मावशी, निम्म्यावर बसलेत ते.

“अहो धाकटे, गाडीची किल्ली त्यांच्याकडे आहे.”