आइसलँडची रंगीत तालीम

आइसलँड हा देश उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबरठ्यावर, दुभंगत चाललेल्या भूकवचावर वसला आहे. तेथे जूनमध्ये रात्र होत नाही, डिसेंबरात दिवस चार-पाच तासांत आटोपतो, आणि पर्यटक उन्हाळ्यात डोंगर चढतात, हिवाळ्यात खिळ्यांचे बूट घालून हिमनद्यांवरून चालतात व रात्री कुडकुडत उत्तरप्रकाशाची प्रतीक्षा करतात, ही सर्व माहिती मला आमच्या कुटुंबाने पुरविली असून, अंधेरीच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात तिची हयात गेली असल्यामुळे तिच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. तिथल्या सहलीचे पैसे भरून झाल्यावर तिने फर्मान काढले की, ज्याला स्थानकाचा पूल चढतानाही मध्ये विसावा लागतो, त्याने ज्वालामुखींच्या देशात जाण्यापूर्वी इथल्याच लाव्हावर सराव करावा, आणि तोही तिकडच्या पोशाखात.

इथला लाव्हा रिक्षाच्या अंतरावर निघाला. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल म्हणजे काळ्या बेसॉल्टच्या उभ्या स्तंभांचा सुमारे दोनशे फुटी सुळका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि त्याचे स्तंभ झाले. आइसलँडच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्यावरचे स्तंभ याच न्यायाने घडले, फक्त त्या देशातला जुन्यात जुना खडकही दीड-पावणेदोन कोटी वर्षांपलीकडे जात नाही.

वैशाखातल्या त्या सकाळी अंगात लोकरी बंडी, तीवर पिसांचा कोट आणि डोक्यास कानटोपी अशा थाटात मी पायऱ्या चढू लागलो, आणि निम्म्या वाटेवर, प्राण कंठाशी आले म्हणून कोट काढू गेलो, तो त्याची चेन नेमकी कंठाशीच अडकली. ती खाली येईना, वर जाईना. माथ्यावरच्या गावदेवीच्या दर्शनास आलेली मंडळी देवीस सोडून माझ्याभोवती जमली. एकाने "काकांना हिवताप दिसतोय" असे निदान केले, दुसऱ्याने मेणबत्ती घासण्याची तजवीज सुचविली, तिसऱ्याने कात्री आणविली, परंतु कोटाची किंमत ऐकताच तो कात्रीसह अंतर्धान पावला. मी मात्र आतल्या आत शिजत होतो.

"अहो, हलू नका," म्हणत चेन ओढणारे कुटुंब एकाएकी थांबले आणि कड्याकडे पाहू लागले. भोवती खाणी खोदून लोकांनी या डोंगराचा एवढाच अवशेष ठेवला. २००७ साली वारशाच्या यादीत त्याची द्वितीय श्रेणी मुक्रर झाली, तरी इमारती अगदी पायथ्याला येऊन भिडल्या आहेत. याचा संताप मला कोटातूनही आला. ती हलकेच म्हणाली, "दरवर्षी फळ्यावर निळ्या खडूने आइसलँड काढायचे. मुलांना चालत इथे आणायची परवानगी मात्र कधी मिळाली नाही." घामाने डबडबलेल्या माझ्या कपाळावरून तिने पदर फिरविला, आणि काही काळ मला उकडत असल्याचे स्मरण राहिले नाही.

अखेर वर गावदेवीच्या देवळाशी पोचल्यावर नारळ विकणाऱ्या एका बाईंनी चेनीस खोबरेल चोळले व माझी सुटका केली. शिखरावरून अंधेरी दिसते. कुटुंबाने तेथेच पुढील कार्यक्रम जाहीर केला: आषाढात कान्हेरीच्या लेण्यांपाशी, भर पावसात, ओल्या कातळावर चालण्याचा सराव, पौषात दुपारी चारलाच दिवे मालवून ध्रुवीय अंधाराचा.

"एवढी तयारी कुठली?" बाईंनी विचारले.

"बर्फाच्या देशात चाललोय."

"तिथल्या डोंगरावर देवी कुठली?"

कुटुंब क्षणभर विचारात पडले आणि मग, मध्ययुगीन युरोप ज्या ज्वालामुखीस नरकाचे द्वार समजे, त्याचे नाव तिने सांगितले: "हेक्ला."

बाईंनी हेक्लेलाही हात जोडले आणि माझ्याकडे तेलाचे दहा रुपये मागितले.