बिनबुडाची टोपली

उन्हाळी शिबिराच्या तिसऱ्या दिवशी नात घरी आली आणि तिने मला पकडलं. मी हातात पपई घेऊन खुर्चीपासून ओट्यापर्यंत गेलो होतो. ‘‘आबा, ट्रॅव्हलिंग!’’ ती ओरडली. एवढ्याशा अंतराला प्रवास म्हणतात हे मला नवीन होतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरून चालायचं नसतं, एवढं मी समजून घेतलं आणि म्हणालो, ‘‘बरं, फाउल झाला.’’ त्यावर ती, ‘‘फाउल नाही, व्हायोलेशन. दुसऱ्याला धक्का दिला तर फाउल. नुसता नियम मोडला तर व्हायोलेशन.’’ मुलगी आईच्या वळणावर गेली असं सगळे म्हणतात, पण हा काटेकोरपणा शुद्ध आमच्या घराण्याचा.

रविवारी तिला आमच्या पुण्याच्या मंडईत घेऊन गेलो. हेतू शैक्षणिक नव्हता, पिशवी धरायला कोणीतरी हवं होतं.

मंडईबाहेर मार्केट यार्डातून आलेला कलिंगडांचा टेम्पो उभा होता. एक जण टेम्पोत, दुसरा खाली, तिसरा ढिगापाशी. वरचा कलिंगड दोन्ही हातांनी छातीशी घेई, जरा पुढे झुके आणि सोडून देई. खालचा ते झेलताना हात ताठ ठेवत नसे. कलिंगड येई तसे त्याचे हात मागे छातीपर्यंत येत, आणि त्याच लयीत तो ते तिसऱ्याकडे लोटून देई. तिघांच्या गप्पा चालूच होत्या. नात पिशवी विसरून बघत राहिली. ‘‘आबा, चेस्ट पास! सर अगदी हेच सांगतात. आधी हात दाखवायचे, मग बॉल मागायचा.’’ मी विचारलं, चेंडू जमिनीवर आपटून देतात तो बाउन्स पास इथे का नाही? तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी गप्प बसलो.

आत गेल्यावर मात्र मी तिचा गुरू झालो. मंडई विद्यापीठाचा मी जुना विद्यार्थी. मधला अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेले हात, प्रत्येक हातात ओट्यांवर बसलेले विक्रेते. मनोऱ्याखाली उभं राहून एक पाय जागचा न हलवता दुसऱ्याने गोल फिरावं; हवी ती दिशा समोर येते. नात म्हणाली, याला पिव्हट म्हणतात. रोवलेला पाय उचलून टेकलात की पुन्हा ट्रॅव्हलिंग.

मंडईचं उद्घाटन 1886 सालचं आणि बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर 1891 मधला. म्हणजे आमची मंडई या खेळापेक्षा पाच वर्षांनी थोरली. तिला मुळात गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. जोतीराव फुले नगरपालिकेत असताना त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाला लावा म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रेसाहेबांचं नाव गेलं आणि फुल्यांचंच आलं. चेंडू एका संघाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला की त्याला टर्नओव्हर म्हणतात. पुण्यात याहून मोठा टर्नओव्हर मला माहीत नाही.

मेथीच्या गाळ्यापाशी मी जरा रेंगाळलो. भाव विचारला, जुडी उलटी करून पाहिली, आणखी एक पाहिली. ‘‘काका, घ्यायचं नसंल तर पुढं व्हा,’’ मावशी म्हणाल्या. नात खुशीत आली. प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही म्हणे. मी घाईने दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि मग सवयीप्रमाणे पुन्हा भावाला हात घातला. ‘‘आता न्हाई. पिशवीत घातल्यावर परत भाव न्हाई.’’ हा डबल ड्रिबल. टप्पे देत चेंडू पाहिजे तिथे न्यावा, पण एकदा दोन्ही हातांनी धरला की पुन्हा टप्पे देता येत नाहीत. मग पास द्या नाहीतर बास्केट करा. इथे, पैसे द्या. चाळीस वर्षं मी मंडईत डबल ड्रिबल करत आलो आणि एकाही मावशीने शिट्टी वाजवली नव्हती, हे त्यांच्या सहनशीलतेचं लक्षण.

घरी आल्यावर नातीने खेळाची जन्मकथा सांगितली. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर हिवाळा, आत अठरा दांडगे विद्यार्थी, आणि बंद खोलीत फुटबॉल खेळवावा तर हाडं मोडण्याची खात्री. नेस्मिथनी विचार केला, की माणूस चेंडू घेऊन पळतो म्हणून त्याला पाडावं लागतं. पळायलाच बंदी घातली तर पाडायचं कारण उरत नाही. मला हा माणूस तिथेच आवडला. संध्याकाळी सहा वाजता मंडईत जाऊन आलेल्या कुणालाही तो आवडेल. ड्रिबलही नंतरच आला. चेंडू देण्याजोगं कोणी मोकळं नसलं, की खेळाडू तो स्वतःच खाली टाकून पुन्हा घेऊ लागले, त्यातून टप्पा जन्मला.

नेस्मिथनी इमारतीच्या देखभाल करणाऱ्याकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून जगभर बास्केट आजही दहा फुटांवर. खोकी मिळाली असती तर या खेळाचं नाव काय झालं असतं, यावर आम्ही दोघांनी पाच मिनिटं विचार केला.

मग मला राहवेना. टोपली म्हटल्यावर पुणेकराला बुरूड आळीखेरीज काय आठवणार? दुसऱ्या दिवशी गेलो. दारात एक गृहस्थ मांडी घालून कामट्या सोलत बसले होते. बाजूला सुपं, रोवळ्या, हारे रचलेले.

‘‘दीड फूट तोंडाची टोपली हवी. बिनबुडाची.’’

त्यांचा हात थांबला. ‘‘बिनबुडाची? मग त्यात ऱ्हाणार काय?’’

‘‘काही राहायला नकोच. पडलं पाहिजे.’’

त्यांनी कोयता खाली ठेवला आणि माझी समजूत घातली. टोपली बुडापासूनच सुरू होते. आधी खाली कामट्या एकमेकींत आडव्याउभ्या गुंफायच्या, मग त्याच वर वळवून त्यांच्याभोवती कड विणत न्यायची. बूड नाही तर विणायला सुरुवात कुठून करणार? विणून झाल्यावर कापून देतो, पण मग सगळी वीण सुटेल. ‘‘तुम्हाला कडं पायजेल, टोपली न्हाई,’’ ते म्हणाले. मी भीतभीत सांगितलं, की अमेरिकेतही सुरुवातीला टोपल्यांना बूड होतं, दरवेळी कोणीतरी शिडीवर चढून चेंडू काढायचा. ‘‘मंग त्यांचं बराबर होतं,’’ ते म्हणाले आणि बुडासकट टोपली माझ्या हातात दिली.

ती आता वाड्याच्या माडीच्या कठड्याला सुतळीने बांधली आहे. मोजली, दहा फुटांना चार बोटं कमी. रोज संध्याकाळी नात मला लेअप शिकवते: उजवा पाय, डावा पाय, डाव्यावरून उडी, उजव्या हाताने चेंडू वर. तिला ते सहज जमतं. माझे उजवा आणि डावा होतात, उडीच्या वेळी गुडघे अपील करतात. म्हणून मी उभ्यानेच टाकतो. चेंडू सुटल्यावर मनगट पुढे लवलेलं राहिलं पाहिजे, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरल्यासारखी बोटं खाली. काल एकदा ते जमलं. चेंडू कठड्याला लागला, टोपलीच्या काठावर घुटमळला आणि आत बसला. नातीने टाळ्या वाजवल्या.

इतिहासातला पहिला सामनाही म्हणे एक-शून्य असाच संपला. आमचाही तिथेच थांबला आहे. शिडी शेजाऱ्यांनी पंखे पुसायला नेली आहे आणि चेंडू अजून टोपलीतच आहे.