वर की खाली?

मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलावर गाडी चढेपर्यंत मोबाइलमधल्या बाई अगदी ताळ्यावर होत्या. मध्यावर मात्र एकदम म्हणाल्या, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." डावीकडे कुणाच्या तरी घराची गॅलरी होती. दोरीवर फुलाफुलांची चादर, आणि तिच्याआड बनियनवर दात घासणारे गृहस्थ. वळलो असतो तर थेट त्यांच्या मोरीत.

"वळ की, चहा तरी मिळेल," मागून मामा म्हणाले.

घोळ असा की हा पूल मोहम्मद अली रोडच्या बरोबर डोक्यावरून जातो. वरचे अक्षांश-रेखांश तेच खालचे. राहिली उंची. आपली जागा ठरते ती चारेक उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला त्यावरून. पण सगळे उपग्रह डोक्यावर. पायाखालचे पृथ्वीआड गेलेले. त्यामुळे उंचीचा अंदाज जास्तच चुकतो. त्यात दुतर्फा इमारती. भिंतीवर आपटून आलेला संकेत उशिरा पोचतो आणि मोबाइलचा हिशेब बिघडतो. मग तो आपल्याला जवळच्या एखाद्या रस्त्यावर चिकटवून मोकळा होतो. आम्हाला त्याने खाली चिकटवलं होतं. वर आम्ही सुसाट, आणि पडद्यावर हातगाड्यांच्या गर्दीत अडकलेलो. पोचायची वेळ वाढतच चालली होती.

"किती चुकतं हे?" मामांनी विचारलं. मामा मोजणी खात्यातून निवृत्त. शंकू-साखळीवर हयात गेलेली.

"मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर."

"पाच मीटर! अरे, बांध पाच इंच सरकला तर लोक कुऱ्हाडी काढायचे. पाच मीटरांत अख्खा गोठा जाईल!"

२००० सालच्या मेपर्यंत अमेरिका लष्करी सावधगिरी म्हणून नागरी संकेतात मुद्दाम गडबड मिसळायची, चूक शंभर मीटरपर्यंत जायची, हे सांगितल्यावर मामांचा चेहरा उजळला. "म्हणजे तलाठी तिकडेही आहेत!"

वीस हजार किलोमीटरवरच्या त्या उपग्रहांमधली घड्याळं सापेक्षतेमुळे रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढं धरलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या घरात चूक साचेल. तेही धरलेलं असतं. आइनस्टाइनला जमेस धरणाऱ्या यंत्राला जिना कळत नाही.

"बाईंना उगाच बोलू नका," मामी म्हणाल्या. "एवढ्या उंचावरून बघायचं म्हणजे काय!"

पुलावरून उतरल्यावर बाण एक उडी मारून जागेवर आला आणि बाईंनी आम्हाला राणीच्या बागेशी नेऊन सोडलं. "आपण पोहोचला आहात." समोर उंच दगडी भिंत. फाटक कुठेच नाही.

"बाग पाच मीटरांच्या आतच आहे, मामा," मी म्हणालो.

मामा खाली उतरले, भिंतीला खांदा लावला आणि पावलं मोजत निघाले. शहाऐंशीव्या पावलाला मामींनी हाक मारली, "अहो, फाटक या बाजूला आहे!" मामांनी हात वर करून त्यांना गप्प केलं, आकडा चुकला असता.