गैरहजर सभासदाचा सत्कार

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांना सत्कारमूर्ती कमी पडतात. दहावी-बारावीची मुलं झाली, निवृत्त शिक्षक झाले, नगरसेवकाचे मेहुणेही झाले. तरी शाली उरतातच. त्यातली एक शाल यंदा अशा माणसासाठी राखून ठेवावी, जो एक जानेवारीला जिमची वर्षाची फी एकरकमी भरतो आणि संक्रांतीनंतर तिकडे फिरकत नाही. लोक त्याला आरंभशूर म्हणून हिणवतात. वास्तविक त्याच्याइतका निरपेक्ष दाता आज शोधून सापडणार नाही.

हिशेब करून पाहा. समजा जिमचे सभासद पाचशे आणि ट्रेडमिल सहा. हे पाचशेही जण उद्या निग्रहाने, शपथ पाळून, संध्याकाळी सात वाजता हजर झाले तर? रांग थेट रिक्षा स्टँडपर्यंत जाईल आणि डंबेलसाठी टोकन द्यावी लागतील. रोज येणारा माणूस हे जिमचं तोट्यातलं गिऱ्हाईक. तो वीज जाळतो, एसी खातो, पट्टा झिजवतो आणि वर आरशासमोर दंड दाखवत फोटो काढताना चार जणांची वाट अडवतो. त्याला ही चैन परवडते, कारण घरी सोफ्यावर पडलेला कुणी भला माणूस त्याच्या वाटणीचे पैसे भरत असतो.

ही आमची चावडीवरची गप्प नव्हे. स्टेफानो डेला-विन्या आणि उलरिके मालमेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांतल्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासली आणि २००६ साली निबंध छापला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. पण पास घेणं म्हणजे आपण रोज येणार नाही हे काउंटरवरच्या मुलीसमोर मान्य करणं. त्यापेक्षा माणूस सात डॉलर जास्त मोजतो.

फक्त ते ४.३ आम्हाला खटकलं. आला तर आला, नाही तर नाही, याला सातत्य म्हणत नाहीत. आमचा सभासद असा डळमळीत नसतो. तो शून्यावर ठाम राहतो.

पूर्वीच्या तालमीत हे औदार्य दाखवायची सोय नव्हती. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे पोरगं लाल मातीत दिसलं नाही की वस्ताद त्याचं अंथरूण गाठणार. गैरहजेरीने तालमीला एक पैसा मिळत नसे, उलट मैदानात नाक कापलं जाई. जिमला असली काळजी नाही. तिथून फोन येतो तो मुदत संपायच्या आठवडाभर आधी. ‘सर, रिन्यूअलवर ऑफर आहे, दोन महिने फ्री.’ सर वर्षभर कुठे होते, हे विचारण्याचा उद्धटपणा ती मुलगी करत नाही. न जायचे आणखी दोन महिने फुकट मिळताहेत म्हटल्यावर सरही लगेच हो म्हणतात.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. हेतू उत्तम, पण राजेसाहेबांची एक गोष्ट चुकली. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते आणि खर्च शून्य. पैसेच भरायचे नाहीत, तर व्यायाम केल्याचं समाधान मिळायचं कसं? निदान सतरंजी तरी हप्त्यांवर द्यायला हवी होती.

आमच्या सत्कारमूर्तीला अलीकडे विज्ञानाचाही आधार मिळाला आहे. आधी तो ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ म्हणायचा. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघालेला. नाक दुरुस्त केलेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा बैठकांशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस निघाले; कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. अख्ख्या अभ्यासातलं हे एवढं एकच वाक्य आमच्या माणसाला तोंडपाठ आहे. तो एखादा दिवस त्याने गेल्या संक्रांतीला सुरू केला आणि अजून मावळू दिलेला नाही.

जिमपेक्षा घरबसल्या दानधर्म करायचा तर मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा आहे. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा एका जपानी कंपनीने १९६५ साली कमरेला लावायचं पाऊलमापक विकायला काढलं तेव्हापासून चालत आला. तो डॉक्टरपेक्षा विक्रेत्याला जास्त उपयोगी पडला. आता काही विमा कंपन्या भरपूर चालणाऱ्याला हप्त्यात सवलत देतात. सवलत म्हटल्यावर मराठी डोकं चालायला लागतं, पाय नाही लागले तरी.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी आपला पट्टा कामवाल्या मावशींच्या हाताला बांधला. मावशींची पाच घरं, आणि लिफ्टवर पाटी: ‘कामवाल्यांनी जिना वापरावा.’ दुपारी बारापर्यंत साहेबांची दहा हजार पावलं पुरी. हे पाहून पाचव्या मजल्यानेही पट्टा दिला. आता मावशींच्या डाव्या मनगटावर तिसऱ्या मजल्याचा डायबेटिस आणि उजव्यावर पाचव्याचं ब्लडप्रेशर. भांडी घासताना दोन्ही पट्टे पिशवीत बांधायचे, एवढीच अट.

गेल्या महिन्यात मावशी गावच्या जत्रेला दोन दिवस गेल्या. पट्टे हातातच राहिले. पालखीपुढे त्या रात्रभर नाचल्या आणि दोन्ही साहेबांचे आजवरचे विक्रम मोडले. ॲपने दोघांचं अभिनंदन केलं, तिसऱ्या मजल्याने त्या अभिनंदनाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, पाचव्याने अंगठा दिला. एक तारखेला दोन्ही घरांनी मावशींचा दोन दिवसांचा खाडा कापला.