टक्

साधं बटण दाबायला कमीपणा वाटतो असे एक दाजी तुमच्याही नात्यात असणारच. आमचे कामथडीला राहतात. पुणे-सातारा हायवेनं नसरापूर फाटा मागे टाकून त्यांच्या घरी पोचलं, की ताईच्या आधी दाजींच्या वायरी भेटतात.

भाऊबीजेला गेलो होतो. पहाटे अंघोळीला निघालो, तर दाजी बाथरूमच्या दारात उभे.

"थांबा. 34 झालंय. 38 ला मिळेल."

"दाजी, मला 34 चालेल."

"तुम्हाला चालेल हो, सेन्सरला चालायला नको?"

टॉवेल गुंडाळून कुडकुडताना मला ज्ञान मिळालं, की 17व्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच गृहस्थानं कोंबडीची अंडी उबवायला थर्मोस्टॅट केला होता. मला त्या अंड्यांचा हेवा वाटला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या डबीत आवाज झाला, टक्. घरात पाळणा हलल्यासारखा दाजींचा चेहरा फुलला. "घ्या!"

विलायतेत म्हणे एका बॉयलरवर खोलीखोलीचे झोन असतात. कामथडीत खोल्या तापवायचं काम ऊनच फुकटात करतं, म्हणून दाजींनी पाण्याचे झोन पाडले. गच्चीवर 200 लिटरचा सोलर, ढग आले तर 2000 वॅटची कॉइल, आणि खाली चार फाटे: बाथरूम, स्वयंपाकघर, गोठा आणि जिजींची मोरी. जिजी म्हणजे दाजींच्या आई. प्रत्येक फाट्याला सेन्सर, प्रत्येक सेन्सरला रिले, आणि प्रत्येक रिलेला टक्.

सामान सगळं पुण्याच्या तापकीर गल्लीतलं. सेन्सर दिसायला जुळे, पण प्रत्येकाच्या पोटात त्याचा वेगळा नंबर. पहिल्यांदा दोन नंबरांची अदलाबदल झाली. आठवडाभर म्हशीला ताईचं पाणी आणि ताईला म्हशीचं. म्हशीनं त्या आठवड्यात दूध जास्त दिलं, असं दाजी सांगतात. ताईनं काय दिलं ते सांगत नाहीत.

लाइट जाऊन आली, की डबीतला बोर्ड शुद्धीवर यायच्या आत चारही रिले आपापलं उरकून घेतात. टक्-टक्-टक्-टक्. त्या वेळी बाथरूममध्ये असलेला पाहुणा पुन्हा मुक्कामाला येत नाही.

कॉइलचा मूळचा थर्मोस्टॅट दाजींनी 'अडाणी' म्हणून काढून टाकला होता. कॉइल ओढणार पावणेनऊ अँपिअर, रिलेवर छापलेले 10. कागदावर बसत होतं. एका ढगाळ दिवशी रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले. सेन्सर म्हणतोय बास, रिले सोडायला तयार नाही. गच्चीवर वाफेचे लोट, ताई मेन स्विचकडे धावतेय, आणि दाजी डबीला कान लावून हवालदिल: "टक् आलाच नाही!" मग लोड घ्यायला मोठा कॉन्टॅक्टर आला, आणि अडाण्यालाही सन्मानानं परत बसवलं. आता रिले टक् करतो, कॉन्टॅक्टर खटाक्. दाजींचा आनंद दुप्पट.

या सगळ्याची सुरुवात कुठून झाली, ते ताईनं यंदा चहा गाळता गाळता सांगितलं. जिजींचा तांब्याचा बंब होता. पाणी तापलं का ते बोट घालून बघायच्या. पुढे दिसेनासं झालं, आणि एकदा ते बोट चांगलंच भाजलं. दुसऱ्याच दिवशी दाजींनी पुण्याची एसटी पकडली. जिजींना एवढंच शिकवलं: पाचला टक् झालं, की पाणी घ्यायचं.

जिजी श्रावणात गेल्या. मोरीत आता सायकल असते, नळाला डमी ठोकलीय. तरी पहाटे पाचला मला जाग आली ती त्याच आवाजानं. डबी उघडून पाहिली. चौथ्या रिलेला पुढे वायरच नव्हती.

"दाजी, हा कशाला ठेवलाय?"

"बोर्ड एकच आहे," ते डबी पुसत म्हणाले. "एक काढला तर सगळा प्रोग्रॅम बदलावा लागतो."

आठवड्यातून तीनदा प्रोग्रॅम बदलणारा माणूस हे सांगत होता. मी टॉवेल घेतला आणि 38 व्हायची वाट बघत मुकाट्यानं उभा राहिलो.