शेरा : झोपला होता

हातकणंगल्याला रेल्वे स्टेशन आहे, तहसील कचेरी आहे आणि २००९ पासून गावाच्या नावानं लोकसभेचा अख्खा मतदारसंघ आहे. तालुक्यात इचलकरंजीचे माग आहेत, हुपरीची चांदी आहे, बाहुबलीची २८ फुटी मूर्ती आहे. नाही तो फक्त पिंजऱ्यातला वाघ. ही उणीव तालुक्यात कुणालाही कधी बोचली नाही. आमच्या आण्णांना मात्र ती रोज बोचते.

आण्णा कचेरीबाहेर स्टॅम्पवेंडर आहेत. टेबल, छत्री, शिक्क्यांचा डबा आणि समोर भावाभावांतल्या वाटण्या. दस्त लिहायला त्यांचा हात असा, की त्यांनी घातलेल्या चतुःसीमेवरून पुन्हा भांडण उभं राहत नाही. पण दोन सुट्ट्या जोडून आल्या, की हा माणूस खांद्याला पिशवी लावतो, कुठल्या तरी गावच्या प्राणिसंग्रहालयात जातो आणि पिंजऱ्यासमोर उभा राहतो. लोक वारीला जातात, गोव्याला जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला तरी जातात. आण्णा तरसाची चौकशी करायला जातात.

अशी माणसं थोडी असतात, पण महाराष्ट्रभर असतात. ओळखायच्या खुणा सांगतो. ती कधी घोळक्यात नसतात. पिंजऱ्यापाशी गेल्यावर आधी पाटी वाचतात, मग जनावराकडं बघतात. पांढऱ्या वाघासमोर गर्दी दिसली, की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "ती निराळी जात न्हाई वो," आण्णा शेजारच्या अनोळखी गृहस्थाला न विचारता सांगतात, "१९५१ ला रीवा संस्थानात मोहन म्हणून एक बच्चा धरला, त्याची ही बहुतेक सगळी पिलावळ." तो गृहस्थ बायकोचा हात धरून पुढं सरकतो. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे या माणसांच्या आठवड्याला सात वार नसतात. सोमवारी हैदराबाद बंद, मंगळवारी म्हैसूर आणि बन्नेरघट्टा बंद, बुधवारी पुणे-मुंबई बंद, गुरुवारी कोलकाता, शुक्रवारी दिल्ली. पुण्यातल्या भाचीचं लग्न बुधवारी निघालं, तेव्हा आण्णांनी आहेर पाठवला आणि तब्येतीचं कारण कळवलं. मुहूर्त गुरुवारचा असता तर सकाळपासून मांडवात दिसले असते. म्हणजे मांडवात नव्हे, कात्रजला.

आण्णांकडं एक लांबट वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर्षात पाहिलेल्या प्रत्येक जनावराची नोंद तिच्यात होते आणि ती ज्या भाषेत होते ती त्यांच्या पोटापाण्याची भाषा आहे. नमुना देतो :

"मौजे कात्रज, पुणे शहर. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. पट्टेरी वाघ, नग एक. चतुःसीमा : पूर्वेस खंदक, पश्चिमेस झुडूप, दक्षिणेस पब्लिक, उत्तरेस कीपरचं दार. कब्जा : वाघाचा. शेरा : झोपला होता."

वही कुठूनही उघडा. सिंह, झोपला होता. बिबट्या, झोपला होता. अस्वल, पाठमोरं होतं, बहुधा झोपलं होतं. मी एकदा म्हणालो, "आण्णा, एवढा खर्च करून झोपलेली जनावरं बघायची, त्यापेक्षा आमच्या साहेबांना दुपारी बघा की." आण्णा गंभीरपणे म्हणाले, "तुमचा साहेब झोपल्यालाच बरा. वाघ उठल तवा मी तिथं पायजे."

यातच सगळं आलं. बाकीचं पब्लिक पिंजऱ्यापाशी अर्धा मिनिट थांबतं. बाप पोराला उचलतो, "तो बघ वाघ," म्हणतो, पोरगं "कुठाय?" म्हणेपर्यंत फोटो काढून होतो आणि कुटुंब भेळेकडं वळतं. आण्णा तिथंच असतात. दुपार कलते, सावली फिरते, वाघाचं शेपूट एकदा हलतं. आण्णा घड्याळ बघून वेळ लिहून घेतात.

आमच्या भागाला जनावरांचा नाद जुनाच, हेही सांगायला हवं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली हिंदी सर्कस उभी केली ते सांगलीकडचे. मिरजेजवळच्या म्हैसाळच्या देवलांची सर्कसही गाजलेली. सांगलीच्या प्रतापसिंह उद्यानात एकेकाळी सिंह होते. कोल्हापुरात तर हत्तींची साठमारी चालायची. संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी शिकवलेले चित्ते होते आणि इथले चित्ते संपत आल्यावर दरबारानं ते आफ्रिकेतून मागवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते कुनोला उतरले, तेव्हा आण्णांनी अख्ख्या कचेरीला चहा पाजला आणि म्हणाले, "दिल्लीला आत्ता सुचलं. कोल्हापूरनं कवाच केलंय." स्वतः आण्णा लहानपणी सर्कशीच्या तंबूमागं पिंजऱ्यांच्या गाड्यांपाशी घुटमळणाऱ्या पोरांतले. पुढं सर्कशीतून वाघ-सिंह कायद्यानं गेले. "जोकर बघाय कोण जातंय?" म्हणून आण्णांनी मग प्राणिसंग्रहालयं धरली.

नोंदीचा नियम एकच आहे : जनावर श्वास घेत असलं पाहिजे. त्यामुळं कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ-बिबटे बाद. राणीच्या बागेतला काळा घोडाही बाद. सातव्या एडवर्डसकट तो १९६५ साली फोर्टातून भायखळ्याला आणून ठेवलाय, पण ब्राँझचा. मगरीनं मात्र या नियमाची परीक्षा पाहिली. गेल्या उन्हाळ्यात कात्रजला कॉलेजची पोरं मगरीसमोर पैज लावत होती, की ही प्लास्टरची आहे. आण्णांनी पैजेत भाग घेतला नाही, पण हललेही नाहीत. पोरं कंटाळून सर्पोद्यानाकडं गेली. वहीत नोंद आहे : "मगर. डावा डोळा मिटला. एकदा. साक्षीदार : नाही." साक्षीदार नसल्याची खंत त्यांना अजून आहे.

वहिनींचं मत वेगळं. त्यांचं माहेर राधानगरीकडं. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी, १९५८ साली राज्यातलं पहिलं अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आता गवे अभयारण्यात मावत नाहीत आणि ऊस त्यांना आवडतो. त्यांच्या भावानं गव्यापायी रात्री जागून काढल्यात आणि आण्णा कात्रजला गव्याच्या खंदकासमोर तिकीट काढून उभे! "माझ्या म्हायेरी दारात येतोय की गवा," वहिनी म्हणतात. "तवा कुठं असता? माडीवर!" आण्णांचं यावर उत्तर असं, की दारातला गवा बघता येत नाही, त्याच्यापासून पळता येतं. हे खरं आहे. मी वहिनींसमोर ते कबूल केलेलं नाही.

बागेतल्या जनावरांसाठी दत्तक योजना असते, पैसे भरायचे आणि वर्षभर त्याच्या खाण्याचा भार उचलायचा. म्हैसूरहून आण्णा तो फॉर्म घेऊन आले. वहिनींनी तो वाचला, घरातल्या दोन पोरांकडं बघितलं आणि विचारलं, "आणि ह्यास्नी कोण घेणार दत्तक?" फॉर्म अजून वहीत आहे, कोरा.

इचलकरंजीची जंगलवाली पोरं आण्णांना मोजत नाहीत. हातभर लांबीच्या लेन्स, अंगावर मातकट कपडे, तोंडात ताडोबा नाहीतर काबिनी. "आण्णा, पिंजऱ्यातला वाघ म्हंजे काय वाघ हाय?" आण्णा शांतपणे विचारतात, "तुला किती वेळ दिसला?" पोरगं म्हणतं, रस्ता ओलांडताना, चार-पाच सेकंद. "मला सकाळी दहापासनं बंद व्हायच्या घंटीपर्यंत दिसला. झोपला हुता, पर दिसला." नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची वाघीण चांदोलीत आणून सोडली, सह्याद्रीत वाघाचं बिऱ्हाड पुन्हा बसावं म्हणून. जंगलवाल्यांनी फटाके वाजवले. आण्णांना आनंद झाला, पण अर्धाच. "एवढ्या लांबनं आणली, आन् आता कुणालाच दिसायची न्हाई."

खरी गंमत त्यांच्या सोयरिकीच्या खात्यात आहे. बागा एकमेकींत जनावरांची देवाणघेवाण करतात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी लागते, वंशावळ तपासली जाते, भावाबहिणींचा जोडा लागू देत नाहीत. आण्णा हे सगळं घरच्या लग्नासारखं बघतात. फेब्रुवारी २०२० मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत गेली, तेव्हा "मुंबईला स्थळ लागलं" ही बातमी त्यांनी चहाच्या गाड्यावर फोडली. पुढच्या वर्षी वीरा जन्मली. आण्णांनी पेढे आणले. कचेरीतल्या शिपायानं विचारलं, "कुणाला झालं?" आण्णा म्हणाले, "करिश्माला." गावात दोन दिवस भलतीच चर्चा चालली.

राणीच्या बागेला जायचं म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. तिथं २०१७ साली तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं, तेव्हा आण्णा मुंबई महापालिकेवर इतके चिडले, की वर्षभर जायचं नाही असं ठरवलं. हा निश्चय पेंग्विनांनी मोडला. दक्षिण कोरियातून आलेले हम्बोल्ट पेंग्विन सोळा-अठरा अंशांच्या गारव्यात राहतात आणि आण्णा गेले ते मे महिन्यात. काचेसमोरून ते हलेनात. शेवटी सुरक्षारक्षक म्हणाला, "काका, पुढं चला, लाइन आहे." वहीत नोंद : "पक्षी जागे होते." त्याखाली रेघ ओढलेली आहे. त्या वहीतली ती एकमेव रेघ.

म्हैसूरला जर्मनीहून २०२१ मध्ये आलेले गोरिला आहेत, थाबो आणि देम्बा. त्यांतल्या एकानं आण्णांकडं बराच वेळ रोखून बघितलं आणि पाठ फिरवली. नोंद : "हरकत : गोरिलाची. सुनावणी न घेता आत गेला."

२०२५ हे वर्ष मात्र आण्णांना जड गेलं. जुलैत कात्रजला पंधरा-सोळा चितळं दगावली. लाळ्या-खुरकूत निघाला, आमच्याकडं गोठ्यातल्या गाईम्हशींना होतो तोच. आण्णांनी त्या पानावर काहीच लिहिलं नाही. आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची हत्तीण, महादेवी, कोर्टाच्या हुकमानं गुजरातेत जामनगरच्या वनताराला गेली. तीस-बत्तीस वर्षं मठात होती. माधुरी म्हणून हाक मारली तरी बघायची. साऱ्या जिल्ह्याला चुटपुट लागली. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर लोक चालत गेले, त्यांत आण्णा होते. परत आणा म्हणून सहीही केली. चार दिवसांनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुमचं इंटरनेट हाय न्हवं? ते वनतारा बघाय मिळतंय का, बघा जरा." मी बघितलं. सर्वसामान्यांना खुलं नाही. आण्णा बराच वेळ शिक्क्यांचा डबा उघडझाप करत बसले.

याआधी २०१४ मध्ये जोतिबाचा हत्ती सुंदर असाच कोर्टाच्या हुकमानं बन्नेरघट्ट्याला गेला होता. आण्णा तिथं जाऊन एकेका हत्तीला मराठीत हाक मारून आले. एकानं कान हलवला. "माशी असंल," मी म्हणालो. आण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण महादेवीच्या वेळी मी विचारलंच, की आण्णा, तुमचं नक्की म्हणणं काय? जनावरानं दिसावं, की सुखात असावं? आण्णांनी टेबलावरचा कोरा स्टॅम्प सरळ केला. "दिसणं आन् बरं असणं, ह्ये दोन येगळे दस्त हाईत. म्या आजवर येकच लिवला." त्यांनी आयुष्यात इतकं प्रामाणिक दुसरं काही कुणाला लिहून दिलं असेल असं मला वाटत नाही.

तरी नोव्हेंबरात दैवानं त्यांची चेष्टा केलीच. मंगळवारी, ११ तारखेला, कोल्हापूर शहरात भरवस्तीत बिबट्या शिरला. चांगला जागा, या आवारातून त्या आवारात. काहींना जखमा झाल्या, वनखात्यानं काही तासांत त्याला धरला, जिल्ह्यात ज्याला डोळे आहेत त्यानं मोबाइलवर तो पाहिला. हातकणंगल्यापासून कोल्हापूर अर्ध्या-पाऊण तासावर. आण्णा त्या दिवशी कात्रजला होते, बिबट्या बघायला. शेरा सांगायला नकोच.

दर ३१ डिसेंबरला स्टेशनजवळच्या चहाच्या गाड्यावर आण्णा वर्षातली तीन उत्तम दर्शनं जाहीर करतात. या खेपेला तिसरे पेंग्विन, दुसरी मगर. पहिल्या नंबरला त्यांनी कात्रजचा वाघ दिला. सर्वांना वाटलं, उठला असेल. आण्णांनी वही वाचली : "कूस बदलली." गाडेवाल्यानं टाळी वाजवली, त्यामुळं बाकीच्यांनाही वाजवावी लागली.

तेव्हा कात्रजला नाहीतर राणीच्या बागेत लाल वही घेतलेला एखादा गृहस्थ पिंजऱ्यासमोर दिसला, तर त्याच्या पुढ्यात उभे राहू नका आणि काच वाजवू नका. वाघ उठत नाही. आण्णा उठतात.